पिसे, मौन आणि मनाचे आरोग्य : बडोद्याच्या इतिहासातील एक प्रकरण



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला विषयाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती मी सर्वस्वी मोडणार नाही. मात्र संतांच्या काव्यगुणांविषयी आज मला काही सांगावयाचे नाही. धर्मश्रद्धा आणि अध्यात्मसाधना यांचा मनाच्या आरोग्याशी काय संबंध पोचतो, हा प्रश्न मी घेतला आहे. आपल्या घरांतून तो उघडपणे विचारला जात नाही, दार लोटून विचारला जातो. कॉलेजात जाणारा मुलगा एकाएकी अबोल होतो, रात्ररात्र जागतो, आपल्याशी कोणी बोलत असल्याचे सांगतो. अशा वेळी त्याला गाणगापूरला न्यावयाचे की कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात, यावर घरातील वडीलधारी माणसे आठवडेच्या आठवडे घालवतात. आणि तो मुलगा मात्र त्या आठवड्यांत अधिकाधिक दूर जात राहतो.

या प्रश्नाकडे मी वैद्याच्या नव्हे, तर शब्दांचा आणि जुन्या ग्रंथांचा अभ्यास केलेल्या माणसाच्या नजरेने पाहणार आहे. सुदैवाने त्याचे एक अत्यंत बोलके प्रकरण आपल्या बडोदे शहरातच घडलेले आहे. त्याकडे येण्यापूर्वी दोन शब्दांशी थोडे थांबावे लागेल.

पहिला शब्द 'आध्यात्मिक'. आज आपण तो ईश्वरविषयक, पारमार्थिक अशा अर्थाने वापरतो. जुन्या शास्त्रांत त्याचा अर्थ वेगळा आणि अधिक घरगुती होता. सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार मानले: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. यांपैकी आध्यात्मिक दुःख म्हणजे माणसाच्या स्वतःमध्येच उपजणारे दुःख, आणि भाष्यकारांनी त्याचे पुन्हा दोन भाग केले, शारीर आणि मानस. म्हणजे ज्वर हे आध्यात्मिक दुःख, आणि शोक, भय, विषाद हेही आध्यात्मिक दुःखच. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे निरूपण केले आहे. त्यातील आध्यात्मिक तापाचा समास ज्याने वाचला असेल, त्याला तेथे मोक्षाची चर्चा सापडली नसेल. सापडली असेल ती व्याधींची भली मोठी यादी. मनाचा रोग हा मूळ शास्त्रार्थाने आध्यात्मिक रोगच होय. पण त्याचा अर्थ असा, की तो माणसाच्या आतला आहे, बाहेरच्या भुताखेतांचा नव्हे. आज तोच शब्द नेमक्या उलट कामासाठी वापरला जातो. 'याचे दुखणे आध्यात्मिक आहे' असे कोणी म्हणाले, की डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही, असे घरचे लोक समजतात. शब्दाचा अर्थ सरकला आणि त्याबरोबर रोगीही चुकीच्या दाराशी जाऊन बसला.

चरकसंहितेतील उन्मादाची प्रकरणेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. तेथे दोषांमुळे होणारे उन्माद आहेत आणि देव, गंधर्व, पिशाच आदींच्या निमित्ताने येणारा आगंतु उन्मादही आहे. त्याच वेळी हा प्राचीन वैद्य असेही बजावतो, की ज्याने स्वतःच स्वतःला क्लेश दिलेले नाहीत, त्याला देव वा राक्षस पीडा देत नाहीत. दोष देवांना देऊ नये, स्वतःच्या प्रज्ञापराधाकडे पाहावे. इतके स्पष्ट बोलणे आजही पुष्कळांना पचत नाही.

दुसरा शब्द आपला, अस्सल मराठी: 'पिसे'. पिसा म्हणजे वेडा. हा शब्द संस्कृत 'पिशाच' या शब्दातूनच आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. पिशाचाने धरलेला तो पिसा. आणि विठ्ठलाचे पिसे लागले, असे म्हणताना आपण हाच शब्द सर्वोच्च भक्तीसाठी वापरतो. वेध लागणे, झपाटणे, अंगात येणे, वारे भरणे हे सारे शब्द एका बाजूने रोगाचे आणि दुसऱ्या बाजूने दैवी कृपेचे. भाषेने येथे सीमारेषा आखलेलीच नाही. ती आखण्याचे काम तिने समाजाच्या शहाणपणावर सोडलेले दिसते.

हे शहाणपण कधी होते आणि कधी नव्हते. महानुभाव गद्याशी माझा संबंध आयुष्यभराचा आहे, म्हणून एक उदाहरण तेथून देतो. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, ऊर्फ गुंडम राऊळ, यांचे म्हाइंभटांनी लिहिलेले चरित्र हे जगाच्या धार्मिक वाङ्मयात विरळा असे पुस्तक आहे. पंथाच्या दृष्टीने ते परमेश्वराचे अवतार. पण गावकरी त्यांना वेडे आणि पिसे म्हणत, हे म्हाइंभट लपवीत नाहीत, पुनःपुन्हा नोंदवतात. राऊळ कोणाच्याही घरात शिरावेत, हवे ते खावे, मुलांत खेळावे, देवळांतल्या मूर्तींशी बोलावे, एकाएकी रागवावे. आणि गावाने? गावाने त्यांना जेवू घातले, त्यांचा त्रास सोसला, त्यांच्यावर माया केली. ज्या ऋद्धिपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, त्या गावाची ही आठशे वर्षांपूर्वीची वर्तणूक विद्यापीठाने अभ्यासक्रमात घ्यावी, असे मला वाटते. गोविंदप्रभूंना कोणता मनोविकार होता की नव्हता, हे आज ठरवू पाहणे पोरकटपणाचे होईल. गावाने मात्र त्यांना साखळी घातली नाही, हे ग्रंथात लिहिलेले आहे.

याच्या उलट उदाहरण संत बहिणाबाईंचे. सतराव्या शतकातील या बाईने आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले, म्हणून ते आपल्याला कळते. अजाण वयात, कोल्हापुरी जयरामस्वामींच्या कीर्तनाच्या काळात, तिला एका वासराचा लळा लागला. नवऱ्याने तिला बांधून मारले. वासराने चारापाणी सोडले आणि ते मेले. बहिणाबाई शुद्ध हरपून पडली आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन घडले. आजचा मनोविकारतज्ज्ञ या घटनेकडे पाहील तेव्हा त्याला प्रथम काय दिसेल? मारहाण झालेली, जिवलग प्राणी गमावलेली एक मुलगी. आपण संतचरित्रे वाचतो तेव्हा दर्शनापाशी थांबतो, मारहाणीपाशी थांबत नाही. बहिणाबाईंनी मात्र दोन्ही लिहिले. त्या दर्शनाने तिला जगण्याचा आधार मिळाला हे खरे. आणि आधाराची गरज का पडली, हेही तितकेच खरे.

आता बडोद्याकडे येऊ.

मनाच्या दुखण्याचा आपल्या राज्यातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण कोण, असे विचारले तर कोणाला चटकन उत्तर सुचणार नाही. ते होते स्वतः श्रीमंत सयाजीराव महाराज. राज्याधिकार हाती आल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांना निद्रानाशाने आणि मज्जातंतूंच्या थकव्याने ग्रासले आणि १८८७ मध्ये त्यांनी युरोपचा पहिला प्रवास केला तो प्रकृतीच्या कारणासाठी. समुद्रपर्यटनाचा निषेध असलेल्या काळात एका हिंदू राजाने झोप येत नाही म्हणून सागर ओलांडावा, ही घटना लहान नाही. महाराज देवधर्म मानणारे होते, पण आपल्या निद्रानाशासाठी त्यांनी मांत्रिक बोलावले नाहीत, डॉक्टरांचे ऐकले.

याच महाराजांच्या चाकरीत १८९३ च्या फेब्रुवारीत एक तरुण बंगाली दाखल झाला. इंग्लंडात वाढलेला, ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत, मातृभाषेत कच्चा. अरविंद घोष बडोद्यात तेरा वर्षे राहिले. येथे त्यांनी संस्कृत, बंगाली, मराठी आणि गुजराती यांचा अभ्यास केला. खासेराव जाधव, माधवराव जाधव, केशवराव देशपांडे ही मराठी मंडळी त्यांचे निकटचे स्नेही. दांडिया बाजारातील खासेरावांचा बंगला आज अरविंद निवास म्हणून आपल्याला ठाऊक आहे. नर्मदाकाठच्या चांदोदजवळील गंगनाथचे ब्रह्मानंद यांचे दर्शन त्यांनी घेतले आणि त्यांच्याच एका शिष्याकडून, देवधर नावाच्या इंजिनिअरकडून, प्राणायाम शिकून घेतला. प्राणायामाने प्रकृती सुधारली, कविता भराभर होऊ लागली. पुढे मात्र वाट थांबली.

१९०७ च्या डिसेंबरअखेर सुरतेची काँग्रेस जोडाफेकीत उधळली. (तो जोडा दक्षिणी बनावटीचा होता, असे तेव्हाच्या इंग्रजी पत्रांनी आवर्जून छापले, आपल्या समाजाच्या वाट्याला इतिहासात असेही मान येतात.) सुरतेहून अरविंद बडोद्यास आले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली. बाहेर असा जयजयकार चाललेला असताना हा गृहस्थ आपल्या धाकट्या भावाला, बारीन्द्रला, सांगत होता की मला मार्ग दाखवील असा कोणी योगी पाहा. बारीन्द्रने तार करून ग्वाल्हेरहून विष्णु भास्कर लेले यांना बोलावून घेतले.

लेले हे भक्तिमार्गी महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांची ख्याती नव्हती, मठ नव्हता, शिष्यांचा मेळा नव्हता. बुद्धीने त्यांची झेप बेताची, पण अनुभव जागविण्याची शक्ती त्यांच्यापाशी होती, अशा आशयाचा निर्वाळा पुढे अरविंदांनीच दिला. खासेरावांच्या घरी भेट झाली आणि मग सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावर दोघे जगापासून दूर होऊन बसले. लेल्यांची सूचना अगदी साधी होती. विचार करू नका, नुसते पाहा. विचार आपले नसतात, ते बाहेरून येतात. आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवून लावा. अरविंदांनी तसे पाहिले, तसे केले, आणि तीन दिवसांत, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे खरे तर एकाच दिवसात, त्यांचे मन निःशब्द झाले.

त्याचा परिणाम लेल्यांना अपेक्षित नव्हता आणि अरविंदांनाही नव्हता. लेले सगुणाचे उपासक. अरविंद देशकार्यासाठी शक्ती मागायला बसलेले. मिळाले ते भलतेच. सभोवतालचे जग त्यांना असत्य वाटू लागले, पडद्यावर हलणाऱ्या पोकळ आकृत्यांसारखे, आणि त्यामागे एकच निश्चल असे काही तरी सत्य उरले.

येथे मी आपल्याला थांबवू इच्छितो. हेच वर्णन एखाद्या अनोळखी तरुणाने दवाखान्यात जाऊन केले असते, तर काय झाले असते? विचार माझे नाहीत, ते बाहेरून माझ्यात घातले जातात, ही तक्रार मनोविकारशास्त्राच्या पुस्तकांत एका गंभीर विकाराचे लक्षण म्हणून दिलेली आहे. जग खोटे, चित्रासारखे भासणे यालाही तेथे नाव आहे. म्हणजे १९०८ च्या जानेवारीत बडोद्यातील एका वाड्यात जे घडले, त्याची दोन वर्णने संभवतात आणि दोन्हींतील वाक्ये जवळजवळ सारखीच आहेत. भेद वाक्यांत सापडणार नाही. तो त्या माणसाच्या पुढच्या वागण्यात शोधावा लागेल.

ते वागणे नोंदलेले आहे. बडोद्याहून अरविंद मुंबईस गेले. १९ जानेवारी रोजी महाजनवाडीत त्यांचे भाषण ठरलेले होते आणि डोक्यात एकही विचार नव्हता. त्यांनी लेल्यांना विचारले. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा. बोलणे मनाहून वेगळ्या ठिकाणाहून येईल. तसे ते आले. पुढची भाषणे, 'वंदे मातरम्' पत्रातील लेखन, चळवळीचे कामकाज हे सारे त्या निःशब्दतेत चालू राहिले. ज्याचे मन मोडलेले असते, त्याचे विचार त्याच्या इच्छेविरुद्ध घुसतात आणि तो भयाने कासावीस होतो. येथे माणूस द्वाररक्षकासारखा उंबरठ्यावर उभा होता. भय नव्हते, काम अडले नव्हते, मित्र तुटले नव्हते.

हा निकष पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. कामाचा निकष लावला तर ऋद्धिपूरचे राऊळ नापास होतील. शिवाय उत्तम काम करणारी माणसे आतून उद्ध्वस्त असू शकतात, हे आपण सारे जाणतो. तरीही क्लेश आणि अडथळा यांवाचून नुसत्या विलक्षण अनुभवाला रोग म्हणू नये, ही गोष्ट अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनाही मान्य करावी लागली. त्यांनी १९९४ मध्ये आपल्या विकारसूचीत धार्मिक वा आध्यात्मिक समस्या असा एक स्वतंत्र वर्ग घातला, तो अशासाठी की अशा माणसावर एकदम रोगाचा शिक्का बसू नये. अध्यात्मानुभवाचा असा सहृदय अभ्यास विल्यम जेम्सने १९०२ च्या आपल्या ग्रंथात पूर्वीच केला होता. आणि धार्मिक विधी व पछाडलेल्या मनाच्या कृती यांतील साम्य दाखविणारा फ्रॉइडचा निबंध १९०७ चा, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस लेले बडोद्यास आले त्याच वर्षाचा. दोघांनाही या वाड्याची कल्पना असणे शक्य नव्हते.

प्रकरण येथे संपत नाही आणि मला त्याचा पुढचाच भाग अधिक मोलाचा वाटतो. थोड्याच आठवड्यांनी लेले कलकत्त्यास गेले. सकाळ-संध्याकाळ ध्यानाला बसता ना, असे त्यांनी विचारले. अरविंदांनी बसणे सोडले होते, कारण त्यांच्या मते ध्यान आता अखंड चालू होते. लेल्यांनी निदान केले: तुम्हाला सैतानाने धरले आहे! अरविंद म्हणाले, तो सैतान असेल तर मी त्याच्याच मागे जाईन. आणि गुरुशिष्यसंबंध तेथे संपला. पाहा, ज्याने मौन दिले त्यानेच बाधेचे निदान केले. पिसे कोणते आणि कृपा कोणती, हे ओळखण्यात गुरूचीही गफलत होऊ शकते, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरीकडे आढळलेला नाही. आपली सारी विवेकबुद्धी एखाद्या महाराजांच्या पायी ठेवून मोकळे होणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

२ मे १९०८ रोजी अरविंदांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगात सुमारे नऊ फूट लांब आणि पाचसहा फूट रुंद, खिडकी नसलेल्या कोठडीत त्यांना एकटे ठेवले. त्याचे वर्णन त्यांनी सुटकेनंतर 'कारा-काहिनी' या बंगाली लेखमालेत केले. बडोद्यात मन जिंकलेला हा साधक कोठडीत कोलमडला, असे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. काही दिवसांत विचार बेफाम झाले, बुद्धी हातून निसटते आहे असे वाटू लागले, एकांतवासाने माणूस वेडा कसा होतो हे त्यांना आतून कळले. इटलीच्या राजाचा खून करणाऱ्या ब्रेस्चीची त्यांना आठवण झाली. त्यांनी देवाचा धावा केला आणि मग शांती आली. लाल मुंग्यांवर काळ्या मुंग्या तुटून पडल्या तेव्हा लालांची बाजू घेऊन त्यांनी काळ्यांना हुसकले, असा एक प्रसंग त्या लेखनात आहे. मला तो नेहमी आवडत आला आहे. ज्याला मुंग्यांची कणव येते, त्याचे मन पुन्हा जगाशी जोडले गेले आहे. त्या अनुभवावरून त्यांनी काढलेला एक निष्कर्ष धार्मिक नाही, तो सामाजिक आहे: ही एकांत-कोठडीची पद्धत अमानुष आहे आणि तिला विरोध केला पाहिजे. श्रद्धेने आपण तरलो म्हणून कोठडी चांगली, असे ते म्हणाले नाहीत.

कारण सारे तरले नव्हते. त्याच खटल्यातील उल्लासकर दत्त अंदमानात गेले. श्रम, शिक्षा आणि एकांत यांनी १९१२ मध्ये त्यांच्या मनाचा ताल सुटला. त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे लागले. त्याच वर्षी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये हे सारे आलेले आहे, आणि आपल्याही मनात जीव देण्याचा विचार आला होता, हे सावरकरांनी लपविलेले नाही. त्यांना तारले ते कवितेने, भिंतीवर खरडलेल्या आणि पाठ केलेल्या ओळींनी. कोणाला नाम तारते, कोणाला कविता. आणि कोणाला काहीच तारत नाही, तेव्हा तो श्रद्धेत कमी पडला असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. उल्लासकर काही कमी निष्ठेचे नव्हते.

पुढे पाँडिचेरीला शिष्यांना लिहिलेल्या पत्रांत अरविंद वारंवार सावध करताना दिसतात. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रसंग्रहात त्यांनी साधनेतील एका मधल्या प्रदेशाचे वर्णन केले आहे. तेथे अर्धवट प्रकाश दिसतात, अहंकार फुगतो, आवाज ऐकू येतात आणि साधक भरकटतो. पतंजलींनीही योगाच्या आड येणाऱ्या अंतरायांत पहिले नाव व्याधीचे घेतले आहे आणि त्यांच्या सोबत्यांत दौर्मनस्य, म्हणजे खिन्नता, मोजली आहे. योग म्हणजे सर्वांना सर्वकाळ मानवणारे टॉनिक, ही समजूत योगाच्या ग्रंथकारांची नव्हे, जाहिरातदारांची आहे.

अरविंदांचा प्रभाव बडोद्यातील ज्या तरुणांवर पडला, त्यांत डभोईला १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे होते. आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात १९०७ ते १९१० या काळात त्यांचे शरीर घडले आणि १९१९ पासून नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांपाशी योग शिकणे झाले. हा मनुष्य मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गुरूने सांगितले म्हणून खरे, असे न म्हणता त्याने १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौलीचा अभ्यास केला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणाऱ्या निर्वाताला त्यांनी माधवदासांचे नाव दिले! गुरुभक्ती आणि प्रयोगशाळा यांचा असा संगम आपल्या भागातच घडावा, याचा अभिमान वाटतो. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाहिया यांनी १९६० नंतरच्या दशकात पतंजलींच्या कल्पनांवर आधारित मानसोपचाराचे प्रयोग केले आणि ते परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ही परंपरा पुढे हवी तेवढ्या नेटाने चालली नाही, हे मात्र खेदाने म्हणावे लागते.

दुसरी धारा अवधूतांची. गोध्र्यात १८९८ मध्ये जन्मलेले पांडुरंग वळामे हे मराठी कुटुंबातले, पदवीधर, गांधीजींच्या चळवळीतले. गरुडेश्वरी समाधिस्थ झालेल्या टेंबेस्वामींना त्यांनी गुरू मानले आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यातील नारेश्वरी राहून ते रंग अवधूत झाले. त्यांनी १९३५ मध्ये गुजरातीत रचलेली दत्तबावनी आज आपल्या घरोघरी म्हटली जाते. ती कलोलजवळ सईज येथे एका गृहिणीच्या पिशाचबाधेच्या निवारणासाठी लिहिली गेली, असे परंपरा सांगते. मी ही गोष्ट श्रद्धेची म्हणूनच सांगतो. पण एक भेद लक्षात घ्यावा. त्या बाईला केस धरून घुमविले नाही, मिरच्यांची धुरी दिली नाही, कोंडले नाही. तिच्या हाती बावन्न ओळी दिल्या, रोज म्हणण्यासारख्या, घरच्या भाषेत. मराठी मातृभाषेच्या सत्पुरुषाने त्या बाईच्या गुजरातीत लिहिले, याचाही मला उपचारात मोठा वाटा वाटतो.

आता मघाशी उल्लेखिलेल्या घरांकडे वळतो. माझ्या अध्यापनकाळात वर्गातील एक अतिशय बुद्धिमान विद्यार्थी एका सत्रात दिसेनासा झाला. त्याच्या घरच्यांनी त्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी असे दीड वर्ष फिरविले. कोठे त्याला खांबाला बांधले, कोठे उपाशी ठेवले. तो परत आला तेव्हा हातांवर वळ होते. शेवटी मनोविकारतज्ज्ञाकडे औषध सुरू झाले, आणि तो हळूहळू लिहू-वाचू लागला. त्याची आई तेव्हाही रोज त्याच्या उशाशी बसून दत्ताची आरती म्हणत असे. मी त्यास विचारले, औषधाने बरे वाटते की आरतीने? तो म्हणाला, "सर, औषधाने आवाज थांबतात. आरतीने आई थांबते." त्याचा अर्थ मला पुरता उलगडायला बराच काळ लागला. आई घाबरून धावाधाव करीत असे, ती आरतीमुळे त्याच्यापाशी स्थिर बसू लागली होती.

विज्ञानाने याविषयी जे थोडे तपासले आहे, ते त्या मुलाच्या उत्तराशी जुळते. तामिळनाडूतील मुथुस्वामी मंदिरात राहायला येणाऱ्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मांत्रिकी उपाय नव्हते, औषधे नव्हती. नातेवाईकांसह राहणे, देवळातील लहानसहान कामे आणि धाकाविना वागणूक एवढेच होते. रुग्णांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार पडला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावर मोठे इमले बांधू नयेत. पण त्याच तामिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळ, ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. श्रद्धास्थानाच्या आश्रयाने वर्षाच्या आत घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की साखळी आणि सोबत यांतील अंतर डोळ्यांत भरते.

साखळीविषयी आता कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास मनाई केली. त्याच कायद्यात असेही कलम आहे, की समाजातील प्रचलित धर्मश्रद्धांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो, गोविंदप्रभूंना आणि बहिणाबाईंना हे कलम लागू पडले असते. महाराष्ट्रात अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर झाला; गुजरातने तसा कायदा २०२४ मध्ये केला. इतक्या उशिराने का होईना, दोन्ही राज्ये एका ओळीत आली.

आणि कायद्याच्याही आधी मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातारांच्या दर्ग्यात एक साधी व्यवस्था सुरू झाली होती. बाधा झाली म्हणून आणलेल्या माणसांची त्या दर्ग्यात पिढ्यान्पिढ्या रीघ असते. हिंदू-मुसलमान असा भेद तेथे नाही, आणि बडोद्यातली मराठी कुटुंबेही तेथे जातात. २००८ मध्ये तेथे 'दवा आणि दुआ' या नावाने उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारांच्या डॉक्टरांना जागा मिळाली. मुजावर दुआ करतो आणि रुग्णाला तेथल्या तेथे डॉक्टरांकडे पाठवितो. डॉक्टर दुआ थांबवायला सांगत नाही, मुजावर गोळ्या थांबवायला सांगत नाही. घरच्यांना दोन गावे, दोन गाड्या आणि दोन निष्ठा यांतून निवड करावी लागत नाही. दर्ग्याच्या पायरीवरून उतरले, की दवाखान्याची खोली काही पावलांवर आहे.